विहिरीतला पोहणारा समुद्रावर

वर्कलाला जाताना सोबत काय न्यावं, असं तिथून आल्यापासून बऱ्याच जणी मला विचारतात. मी सांगते: सुती कपडे, जाड तळव्याची चप्पल, टोपी, ओआरएसची पाकिटं, आणि नवऱ्याला पोहता येत असेल तर त्याला घरीच ठेवा. बायका हसतात. मी हसत नाही.

वाशीमच्या बाहेर, रिसोड रस्त्याला आमची बागायत आहे. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, कांदा, हंगामाप्रमाणे वांगी. माल बाजारात कधी जायचा, कोणत्या वाफ्याला पाणी कधी, औषध कधी, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. आमचे हे फावडं चालवतात आणि मी वही चालवते, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. गेल्या वर्षी यांच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, बरे झाले की कुठंतरी शांत ठिकाणी जाऊन या, आणि दम लागेल असं काही सध्या करू नका. ह्यांनी पहिला भाग ऐकला. मी दुसरा.

आमची मुलगी मधुरा पुण्याच्या एका कंपनीचं काम करते, पण लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की ते कुठूनही होतं. तेव्हा ती केरळात वर्कलाला राहत होती. तिनंच बोलावलं.

"इथं काही प्लॅन नसतो, आई. लोक उठतात, समुद्र पाहतात, चहा पितात."

"अन् काम?"

"लाट चांगली असली तर आधी लाट. मग काम."

मी फोन ठेवला आणि आरामाचं नियोजन सुरू केलं. तूर निघून घरात आलेली, हरभरा उभा, कांद्याला पाणी द्यायला दीर तयार. एवढीच फट होती. औषधांचे डबे सकाळ-रात्र वेगळे केले. ईसीजीचे कागद प्लास्टिकमध्ये घातले. तिथून जवळचं मोठं रुग्णालय कुठं, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे मधुराकडून दोनदा विचारून घेतलं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. सगळं बांधून झालं. पण हे रोज संध्याकाळी चौकात जाऊन एकच गोष्ट सांगून येत होते.

"समुद्रात पोहाले चालले म्हणे तुमचे मालक," शेजारच्या कमलाबाईंनी विचारलं.

"पाहाले चाललो," मी म्हटलं. "पोहाले नाही."

"आता पाण्यापाशी जाऊन मानूस कोरडा येते का?" हे आतून ओरडले.

यांचं लहानपण रिठदला गेलं. तिथल्या मोठ्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून हे पोहायला शिकले. नंतर काठावरून मुटका मारायचे, म्हणजे गुडघे पोटाशी धरून वरून थेट पाण्यात. आवाज शिवाराच्या टोकापर्यंत जायचा, असं सासूबाई सांगत. लग्नानंतरही उन्हाळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीत त्यांचं हे चालूच. मी कधी काठावर उभी राहून पाहिलं नाही. घरात बसून आवाजाची वाट पाहायची. एक आवाज उडीचा, आणि मग त्यांच्या खाकरण्याचा. त्या दोहोंच्या मध्ये मी श्वास घेत नसे. स्टेंट बसल्यावर विहीर बंद केली, तेव्हा मला मनातून सुटल्यासारखं झालं, हे खरं.

कडा

गाड्यांचा प्रवास सांगत नाही. तो सगळीकडे सारखाच असतो.

वर्कला म्हणजे समुद्रावर उभा असलेला लाल मातीचा उंच कडा. आपल्याकडे पोळ्याच्या बैलाला गेरू लावतात तसा त्याचा रंग. वर काठाने पायवाट, पायवाटेला लागून चहाची, कपड्यांची, चांदीच्या अंगठ्यांची दुकानं, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली थेट समुद्र. कुठे कठडा आहे, कुठे बांबू बांधलाय, कुठे तोही नाही. मी ह्यांना आतल्या बाजूने चालायला लावलं. केस रंगवलेल्या, अंगभर गोंदलेल्या मुली त्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या आणि पुस्तक वाचत होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"या पोरींच्या आया कुठं असतील?" मी मधुराला विचारलं.

"घरी. काळजी करत," ती म्हणाली.

जेवायला बसलो तर पोऱ्याने नव्हे, मालकानेच स्वतः आणून ग्लासात गुलाबी रंगाचं कोमट पाणी ओतलं. मी ह्यांचा हात धरला. "पिऊ नका. गंजलेल्या टाकीचं दिसतंय." मधुराला हसू आवरेना. कुठल्याशा झाडाची साल घालून पाणी उकळतात, इथे घरोघरी हेच पितात. मी आधी घोटभर पिऊन, थोडा वेळ थांबून मग ह्यांना दिलं. पुट्टू नावाचा तांदळाचा वाफवलेला प्रकार आला, नळकांड्यातून काढलेला, थरांमध्ये ओलं खोबरं, सोबत काळ्या हरभऱ्याची उसळ. उसळ उत्तम होती. पण प्रत्येक घासाला खोबरेल तेलाचा वास. आपल्याकडे ते तेल डोक्याला असतं, त्यामुळे जेवताना सारखं वाटायचं की कुणीतरी नुकतीच वेणी घालून बसलंय. ह्यांनी पिशवीतून ठेचा काढला आणि पुट्टूला लावला. हॉटेलच्या मालकाने चाखून पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, आणि थोडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मोठ्या किनाऱ्यावर गेलो. त्याचं नावच पापनाशम. गेलेल्या माणसांचे विधी तिथे करतात. ओल्या कपड्यांतले लोक केळीच्या पानावर भात आणि तीळ घेऊन बसले होते, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर मुलं-मुली सर्फिंगच्या फळ्या काखेत मारून पाण्यात पळत होती. आपल्याकडे विधीच्या घाटावर कुणी मोठ्यानं हसत नाही. इथे दोन्ही एकाच वाळूत चालू. एक म्हातारे गृहस्थ पान पाण्यात सोडून मागे न पाहता परत फिरले. 

"इथं नको थांबाले," मी म्हटलं.

"काहून? चांगली जागा हाये," हे म्हणाले. "पाह्यना, मेलेल्यायचंबी होते अन् जित्यायचंबी."

मला ते बोलणं आवडलं नाही.

सजीचा वर्ग

मधुरा फळीवर उभं राहायला शिकत होती ती कड्याच्या उत्तरेला, एका लहान, काळपट वाळूच्या किनाऱ्यावर. तिला शिकवणारा सजी चाळिशीचा, उन्हानं केस तांबूस झालेला, बोलायला मऊ. मला तो 'चेची' म्हणायचा, म्हणजे ताई. ह्यांना अंकल.

पाण्यात जाण्याआधी तो सगळ्यांना वाळूवर बसवून समुद्र वाचायला शिकवायचा. मी पाण्यात पाऊल घालणार नव्हते, पण सूचना देत असतील तिथे मी बसतेच. सजी काठीने वाळूत आकृती काढून मोडक्या हिंदीत सांगत होता. लाटा जिथे पांढऱ्या होऊन फुटतात, तिथे खाली वाळूचा उंचवटा असतो, पाणी उथळ असतं. मधेच एखादा पट्टा असतो जिथे लाट फुटत नाही. पाणी गुळगुळीत, शांत दिसतं. नवा माणूस तिथेच उतरतो. पण किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेनं परत जातं आणि माणसाला आत घेऊन जातं.

"उस टाइम किनारे की तरफ नहीं आना," तो म्हणाला. "कितना भी स्ट्राँग हो, थक जाएगा. साइड में जाना. सफेद पानी की तरफ. सफेद पानी बाहर फेंकेगा."

मी मान वळवून ह्यांना शोधलं. ज्यांना पोहता येत होतं ते वर शहाळीवाल्यापाशी उभे राहून नारळाच्या झाडाला पाणी किती दिवसांनी देतात ते विचारत होते.

जेवताना मी त्यांना सजीचं सगळं सांगितलं. शब्दाला शब्द.

"मले पोहाले शिकोतं काय तू?" ते हसले. "अवं, पैनगंगेच्या धारेत पोहलो मी. पाण्यात एकच ध्यानात ठेवा लागते. दम लागला का विहिरीची भित धरायची. हिले बी तेच शिकोलं मी." मधुराकडे बोट.

"बाबा, समुद्राले भित नसते," मधुरा म्हणाली.

"काठ तं असते ना?"

मी म्हटलं, गुडघ्याच्या वर पाणी नाही. कबूल? ते म्हणाले, कबूल. मधुराला साक्षीला ठेवलं.

शांत पाणी

तिसऱ्या दिवशी सकाळी मधुरा वर कॅफेत मीटिंगमध्ये होती. सजी थोडा दूर, दक्षिणेला, दोन परदेशी बायकांना शिकवत होता. आम्ही दोघे वाळूत. समुद्र आदल्या दिवसापेक्षा मोठा होता. लाट फुटली की जमिनीतून दणका यायचा आणि बसल्या जागी माझ्या छातीत लागायचा. हे धोतराऐवजी मधुरानं घेऊन दिलेली फुलाफुलांची अर्धी चड्डी घालून खूश होते. पाय भिजवून येतो म्हणाले. खांद्यावरचा लाल दुपट्टा माझ्याकडे दिला.

मी पिशवीतून सकाळची गोळी काढायला खाली पाहिलं. वर पाहिलं तर ते कमरेपर्यंत होते. आणि नेमके त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधल्या गुळगुळीत पाण्यात. विहिरीत शिकलेल्या माणसाला उसळतं पाणी वाईट आणि संथ पाणी चांगलं. त्यांनी किनारा नीट पाहून, विचार करून, सगळ्यांत सुरक्षित दिसली ती जागा निवडली होती.

"अहो!"

त्यांनी हात वर केला, आलो म्हणून, आणि एक बुडी मारली. वर आले तेव्हा जिथे असायला हवे होते तिथे नव्हते. बरेच आत होते. त्यांनाही ते कळलं. चेहरा इकडे वळला. मग त्यांनी विहिरीतला माणूस करतो तेच केलं. काठाकडे तोंड करून, सरळ, जोरात हात मारायला लागले.

मी आयुष्यात त्यांचं नाव घेऊन त्यांना हाक मारलेली नाही. सगळ्या किनाऱ्यावर मी 'अहो, अहो' ओरडत होते. कोण कुणाला बोलावतंय हे कुणाला कळणार? सजीच्या बाजूला पळाले, वाळूत पाय रुतले, पडले, पुन्हा ओरडले. सजीनं मान वळवली, मी समुद्राकडे हात केला. त्याला एका नजरेत कळलं. त्या बायकांना बाहेर जायला सांगून तो फळीवर पालथा पडला आणि हात मारत निघाला. पण मध्ये फुटणाऱ्या लाटा होत्या. त्याला वेळ लागणार होता.

हे अजून हात मारत होते, आणि जागचे हलत नव्हते. मला हातांचा वेग कमी होताना दिसत होता. डॉक्टरांचं वाक्य कानात वाजत होतं. दम लागेल असं काही नको. त्यांना काठ दिसत होता, म्हणून ते थांबणार नव्हते. थकून बुडेपर्यंत काठाकडेच येत राहिले असते.

ओरडून उपयोग नव्हता. लाटांच्या आवाजात मला माझाच आवाज येत नव्हता. असाच आवाज आमच्या मोटरीचा असतो. मी विहिरीपाशी स्टार्टरजवळ असते, हे शेताच्या दुसऱ्या टोकाला फावडं घेऊन वाफ्यात. फोन ते जवळ ठेवत नाहीत, एक पाटात पडून गेला. तशी लग्न झाल्यापासून आमची खूण ठरलेली आहे. मी दुपट्टा डोक्यावर गरगर फिरवला की मोटर बंद होणार. एका बाजूला दोनदा झटकला की पाणी त्या बाजूच्या वाफ्याला मोडा, म्हणजे वळवा. ते कधी का म्हणून विचारत नाहीत. त्यांना तिथून वाफ्याचं माझ्याकडचं टोक भरलं की नाही दिसत नाही, मला उंचावरून दिसतं.

मी ओल्या वाळूच्या कडेला उभी राहिले आणि लाल दुपट्टा डाव्या बाजूला दोनदा झटकला.

डावीकडे म्हणजे दक्षिणेकडे, जिथे लाटा पांढऱ्या होऊन कोसळत होत्या तिकडे. मला पोहता येत नाही. समुद्र मी दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिला होता. सजीनं वाळूत काढलेली एक आकृती, तेवढ्यावर मी स्टेंट बसवलेल्या माणसाला फुटणाऱ्या लाटेत पाठवत होते. ऐकण्यात माझी काही चूक झाली असेल तर? हे माझ्या मनात तेव्हाच आलं, नंतर नाही.  मी दुपट्टा पुन्हा झटकला. डावीकडे, दोनदा.

त्यांचे हात थांबले. डोकं एकदा पाण्याखाली गेलं, वर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून डोळे दिसत नाहीत, पण शेताच्या टोकावरून बघतात तशी मान वर केलेली दिसली. मग त्यांनी काठाकडे पाठ फिरवल्यासारखं केलं आणि आडवे, डावीकडे पोहायला लागले.

मी दुपट्टा झटकतच राहिले. पहिली लाट त्यांच्यावर फुटली आणि ते दिसेनासे झाले.

विहिरीच्या दोन आवाजांमध्ये मी घरात बसून श्वास धरायची, ते इथे उघड्यावर, उन्हात. फेस पसरला, ओसरला. काळं डोकं दिसलं. आणखी एक लाट. या वेळी डोक्याशेजारी सजीची फळी होती, आणि त्या फळीवर ह्यांचे दोन्ही हात.

सजीनं त्यांना कमरेएवढ्या पाण्यापर्यंत आणलं आणि मग खांदा देऊन बाहेर. वाळूत बसवलं. ते खोकले, खारं पाणी ओकले. मी नाडी धरली. फार जोरात होती, पण होती. छातीत दुखतं का? नाही. डाव्या हाताला? नाही. जीभ दाखवा, डोळे दाखवा.

"दुखत नाही वं," ते म्हणाले. मग समुद्राकडे पाहत, "धराले भितच नाही लागली."

सजी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. "अंकल को किसने बताया साइड में जाने को?"

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मालकीनबाईनं पाणी मोडाले सांगतलं," ते म्हणाले. सजीला ते कळलं नाही. मला रडू यायला लागलं ते तेव्हा.

नंतर

रुग्णालयात नेलं. कागद तयार होते, त्यामुळे वेळ गेला नाही. ईसीजी ठीक आला, तरी दिवसभर ठेवून घेतलं. मधुरा कॉटशेजारी बसून एकही शब्द बोलली नाही. शेवटी हेच म्हणाले, "आता तूबी बोल नं. तुह्या मायनं तं सकाळपासून सोडलं नाही मले."

"तुमी कबूल केलं होतं, बाबा. मी साक्षीले होती."

त्यावर त्यांनी चादर ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. 

उरलेले दिवस आम्ही खरंच आराम केला. म्हणजे ते कड्यावरच्या बाकावर बसायचे आणि मी त्यांच्या आणि काठाच्या मधे. सजी रोज येऊन केळ्याची भजी देऊन जायचा. मी त्याला उरलेला ठेचा दिला. समुद्र सुंदर होता, सूर्य रोज पाण्यात बुडायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी टाळी वाजवली नाही. बुडणाऱ्या कशालाही मला टाळी वाजवावीशी वाटत नव्हती.

मधुराला मी परत चल म्हणाले नाही. ती समुद्र वाचायला शिकली आहे. मी तिला एवढंच सांगितलं, सजीच्या वर्गाला रोज पहिल्या दिवसासारखी बस.

मळा

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कांद्याला पाणी द्यायचं होतं. हे पलीकडच्या टोकाला फावडं घेऊन, मी स्टार्टरपाशी. मोटर सुरू झाली. थोड्या वेळाने समोरचा वाफा काठोकाठ भरलेला दिसला, पाणी बांधावरून वाहायला लागलं. आता उजवीकडे मोडायला हवं होतं. लाल दुपट्टा माझ्या खांद्यावरच होता. धुतला होता, तरी त्याला समुद्राचा वास येत होता.

मी तो हातात घेतला आणि हात वर जाईना.

मग चपला काढल्या, साडी खोचली आणि वाफ्यांमधून, चिखलातून, त्यांच्याकडे चालत गेले. त्यांनी लांबूनच येताना पाहिलं आणि फावडं टेकवून उभे राहिले.

"काय झालं? दुपट्टा काहून नाही हालोला?"

"उजवीकडं मोडा," मी म्हटलं.

"एवढं सांगाले आली चिखलातून?"

  त्यांनी वाकून मातीचा बांध फोडला, पाणी उजवीकडे वळलं. माझ्या पायांवरून गेलं, घोट्यापर्यंत, आणि पुढे निघून गेलं.

"जाजो आता," ते म्हणाले. "मोटरीपाशी कोनी नाही."

मी तो वाफा भरेपर्यंत तिथेच उभी राहिले.